अडकलेली पुंगळी : रायफलीतील एका बिघाडाची शास्त्रीय चिकित्सा

१८५७ च्या मे महिन्याच्या आरंभी लखनौजवळच्या मूसाबाग येथे ठेवलेल्या अवध इर्रेग्युलर इन्फंट्रीच्या सातव्या पलटणीने काडतूस दाताने तोडण्यास नकार दिला. ३ मे रोजी सर हेन्री लॉरेन्स यांनी ती पलटण निःशस्त्र केली; आणि महिना संपण्यापूर्वीच, ३० मे रोजी, लखनौच्या छावणीत उठावाचा भडका उडाला. ज्या काडतुसावरून हा प्रसंग ओढवला ते कागदाचे होते. शिपाई कागद फाडी, दारू नळीत ओती आणि गोळी गजाने ठाशी. बार उडाल्यावर नळीत काजळी उरे, परंतु बाहेर काढून टाकावी अशी कोणतीही वस्तू उरत नसे.

त्यानंतर सुमारे १६३ वर्षांनी, ज्याचे मुख्यालय लखनौ येथे आहे त्या उत्तर प्रदेश पोलीस दलाने २६ जानेवारी २०२० च्या प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात 'थ्री नॉट थ्री' रायफलीला निरोप दिला. या रायफलीचे काडतूस पितळेचे. गोळी गेली तरी तिची पितळी पुंगळी मागे राहते, आणि ती बाहेर निघाल्यावाचून दुसरे काडतूस आत जात नाही. कागदाच्या जागी पितळ आल्याबरोबर बंदुकीच्या शास्त्रात एक नवा प्रश्न उभा राहिला : काम संपलेली पुंगळी नळीतच अडकून बसली तर काय करावयाचे? आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, ती अडकते का?

हा प्रश्न वरवर पाहता एखाद्या कारागिराच्या हातोडीने सुटण्यासारखा वाटतो. पण त्याच्या मुळाशी धातूंचे गुणधर्म, उष्णता, हवेतील ओलावा आणि मनुष्याचा निष्काळजीपणा ही सर्व कारणे एकत्र येतात. शिवाय ज्याच्या हातात अशी रायफल असते त्याच्या दृष्टीने हा जीवनमरणाचा प्रश्न असतो.

पुंगळीची दोन कामे

पुंगळीला दोन परस्परविरुद्ध कामे करावी लागतात. चाप ओढताच काडतुसाच्या बुडातील स्फोटक टोपी पेटते, तिच्यामुळे आतील दारू पेट घेते आणि तप्त वायूंचा प्रचंड दाब निर्माण होतो. थ्री नॉट थ्री काडतुसात हा दाब दर चौरस इंचास सुमारे १८ ते १९ टन असतो. त्या क्षणी पुंगळीने फुगून कोठीच्या भिंतीस घट्ट चिकटले पाहिजे. नाहीतर वायू मागे फुटून नेमबाजाच्या तोंडावर येतील. पण गोळी नळीबाहेर पडून दाब उतरताच त्याच पुंगळीने आक्रसून भिंत सोडली पाहिजे. नाहीतर ती बाहेर येणार नाही. आधी घट्ट बसावे आणि लगेच सैल व्हावे, अशी ही दुहेरी अपेक्षा आहे.

पुंगळी बाहेर ओढण्यासाठी बोल्टच्या तोंडाशी पोलादाची एक लहान आकडी बसविलेली असते. स्प्रिंगच्या जोराने ती पुंगळीच्या बुडाशी असलेल्या काठाला पकडते. बोल्टची मूठ वर उचलताना तिरप्या पृष्ठभागांच्या योगाने बोल्ट प्रथम किंचितच, पण फार जोराने मागे सरकतो, आणि चिकटलेली पुंगळी सुटी होते. त्यानंतर बोल्ट पूर्ण मागे ओढला की ती सहज निघून येते. लक्षात ठेवावयाचे ते एवढेच की, आकडीची पकड काठाच्या अगदी थोड्या भागावर असते. पुंगळी घट्ट रुतली असेल तर आकडी एकतर घसरते किंवा काठाचा लचका तोडून रिकामीच मागे येते.

कागदाकडून पितळेकडे

ब्रिटिश सैन्याने १८६६ मध्ये जुन्या एन्फील्ड बंदुकांच्या मागील भागात बदल करून स्नायडर रायफल स्वीकारली. हिच्यात काडतूस मागून भरता येई. बार झाल्यावर ठोकळा मागे ओढून पुंगळी सुटी करावयाची आणि बंदूक उलटी करून ती खाली पाडावयाची, अशी पद्धत होती. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. पुढील दीडशे वर्षे महाराष्ट्राचा या पितळी वस्तूशी संबंध राहिला. जळगाव जिल्ह्यात वरणगाव येथे १९६४ मध्ये लहान शस्त्रांच्या काडतुसांचा कारखाना निघाला.

१८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री रायफल आली. तिचे काडतूस पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी करून व तिला लोखंडी बूड जोडून तयार केलेले असे. कवायतीच्या मैदानावर ते बरे चाले. परंतु १८८५ च्या सुदान मोहिमेत, विशेषतः १७ जानेवारीच्या अबू क्लियाच्या लढाईत, वाळू व उष्णता यांच्या संगतीत त्याचे दोष उघडे पडले. तापलेल्या आणि काजळी धरलेल्या कोठीत पातळ गुंडाळी भिंतीस चिकटे. ओढताना बूड निघून येई आणि पत्रा आतच राही. शत्रू काही हातांवर आला असता शिपायाच्या हातातील रायफलीचा केवळ सोटा होई. या अनुभवानंतर अखंड पितळेची ओढून काढलेली पुंगळी स्वीकारण्यात आली, आणि १८८८ च्या सुधारित मार्टिनी रायफलीस अधिक लांब दांडा बसविण्यात आला, जेणेकरून पुंगळी काढताना तरफेचा जोर वाढावा.

यातील दोन उपायांमध्ये मोठा भेद आहे. लांब दांडा लावणे म्हणजे अडकलेली वस्तू अधिक जोराने ओढणे. पुंगळी बदलणे म्हणजे ती अडकूच न देणे. पहिला उपाय लक्षणावरचा, दुसरा कारणावरचा.

पेल्यात अडकलेला पेला

एका पेल्यात दुसरा पेला रुतून बसला की घरातील जाणती बाई ओढाताण करीत नाही. ती आतल्या पेल्यात थंड पाणी ओतते आणि बाहेरचा पेला गरम पाण्यात धरते. आतला आक्रसतो, बाहेरचा प्रसरण पावतो, आणि दोन्ही सुटे होतात. रायफलीच्या कोठीत पुंगळी ही आतला पेला होय. तिने बाहेरच्या पेल्यापेक्षा अधिक आक्रसणे हेच सुटकेचे मर्म आहे.

हे कसे घडते? काडतुसाचे पितळ साधारणपणे ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त यांचे असते. सारखाच ताण दिला असता पितळ पोलादाच्या जवळजवळ दुप्पट ताणले जाते, आणि ताण निघताच तितक्याच प्रमाणात मागे येते. मात्र मागे येण्याची ही शक्ती पितळ किती कठीण आहे यावर अवलंबून असते. ठोकून किंवा ओढून कठीण केलेले पितळ हजारात साडेतीन-चार भाग मागे येते. मऊ पितळ हजारात एक भाग जेमतेम येते. थ्री नॉट थ्री पुंगळीचा बुडाजवळचा व्यास सुमारे साडेअकरा मिलिमीटर असतो. म्हणजे कठीण पुंगळी सुमारे ०.०४ मिलिमीटर आक्रसेल, तर मऊ पुंगळी केवळ ०.०१ मिलिमीटर. फरक केसाच्या जाडीपेक्षाही कमी. परंतु दाबाने किंचित ताणलेली पोलादी कोठीही त्याच वेळी आपल्या मूळ मापावर येत असते. कठीण पुंगळी तिच्या तावडीतून निसटते. मऊ पुंगळी तिच्या मिठीत सापडते.

पुण्याच्या तांबट आळीतील कारागिरास हे तत्त्व पुस्तकावाचून ठाऊक असते. पत्रा ठोकता ठोकता कडक होतो. मग त्यास ताव देऊन मऊ करावे लागते, नाहीतर तो तडकतो. काडतुसाच्या कारखान्यातही हेच चालते. पितळेच्या चकतीची प्रथम वाटी करतात, ती टप्प्याटप्प्याने ओढून लांब करतात आणि मधून मधून ताव देतात. शेवटी बुडाचा भाग कठीण ठेवून गळ्याचा भाग तेवढा मऊ करतात. बुडापर्यंत ताव पोचला तर पुंगळी रुतू लागते. गळ्यास ताव कमी पडला तर तो तडकतो. एकाच वस्तूच्या दोन टोकांना दोन निराळे स्वभाव द्यावयाचे, हे या उद्योगातील कौशल्य होय.

लखनौचा उन्हाळा आणि पावसाळा

आता ही रायफल लखनौच्या हवेत नेऊन ठेवू. तेथे मे-जून महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, 'लू' नावाचा तप्त वारा वाहतो आणि त्याबरोबर बारीक धूळ उडते. काडतुसे उन्हात तापली की दारू अधिक वेगाने जळते, दाब वाढतो आणि पुंगळी अधिक जोराने भिंतीवर दाबली जाते. दुसरीकडे, रायफलीस सढळ हाताने तेल लावले असेल तर ते धूळ धरून ठेवते आणि आकडीखाली व स्प्रिंगभोवती चिकट राप साचतो. आकडी पुरेशी मिटत नाही आणि काठाची पकड सुटते.

जूनअखेर पाऊस सुरू झाला की संकटाचे रूप पालटते. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट हे द्रव्य असे. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड हा क्षार नळीत व कोठीत उरे. हा क्षार आपल्या स्वयंपाकघरातील मिठाचा सख्खा भाऊ. श्रावणात बरणीतील मीठ जसे पाणी सुटून ओले होते, तसाच हा क्षार हवेतील ओलावा शोषून घेतो आणि पोलादास गंज चढवितो. तेलाने क्षार विरघळत नाही. म्हणून केवळ तेलाचे फडके फिरवून उपयोग होत नसे. नळीतून उकळते पाणी ओतावे, कोरडे पुसावे आणि मगच तेल लावावे, असा सैन्यातील दंडक होता, तो याच कारणासाठी. ज्याने हा दंडक कंटाळून टाळला, त्याच्या कोठीत गंजाचे बारीक खड्डे पडत. पुढच्या बाराच्या वेळी पितळ त्या खड्ड्यांत शिरे आणि पुंगळी जणू शेकडो सूक्ष्म खुंट्यांनी भिंतीस खिळली जाई.

म्हणजे उन्हाळ्यात तेल जास्त झाले तर अपाय, आणि पावसाळ्यात कमी पडले तर अपाय. शिवाय बार काढण्याच्या वेळी कोठी कोरडीच असावी लागते. तेलकट पुंगळी भिंत धरीत नाही आणि सारा धक्का बोल्टवर येतो. ऋतू ओळखून निगा राखणे यात म्हणूनच शास्त्र आहे.

तबेल्यातील काडतुसे

ब्रिटिश अमदानीतील भारतात पितळी काडतुसांचा एक विचित्र रोग आढळून आला. पावसाळ्यात मोहिमा थंडावत आणि काडतुसे तबेल्यांत साठवून ठेवीत. कोरडे दिवस आल्यावर पाहावे तो कित्येक पुंगळ्यांना, विशेषतः गोळी आवळून बसविलेल्या गळ्यापाशी, तडे गेलेले असत. न वापरता, न आपटता, नुसत्या ठेवल्या ठेवल्या त्या फुटत. या प्रकारास 'सीझन क्रॅकिंग', म्हणजे मोसमी तडे, असे नाव पडले.

याची उकल १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा संशोधकांनी केली. पितळ ओढताना व आवळताना त्यात ताण दडून राहतो. घोड्यांच्या मूत्रापासून अमोनिया वायू निर्माण होतो. दडलेला ताण, अमोनिया आणि ओलावा हे तिन्ही एकत्र आले की पितळेच्या कणांच्या सांध्यांतून भेग आत शिरत जाते. तिन्हींपैकी एक काढून घेतला तर रोग थांबतो. तबेला बदलणे हा एक उपाय; पण अधिक खात्रीचा उपाय म्हणजे पितळ मऊ न होईल इतक्याच बेताच्या आंचेने पुंगळी शेकून तिच्यातील ताण घालविणे. जगभरच्या धातुशास्त्राच्या पुस्तकांत हे उदाहरण आजही दिले जाते.

चौकशीचा क्रम

रायफल पुंगळी टाकीत नाही अशी तक्रार आली की जाणकार आर्मरर प्रथम रायफल रिकामी व निर्धोक करतो आणि नंतर आकडी बदलण्याची घाई न करता पुंगळ्या मागवितो. पुंगळी हा या घटनेचा एकमेव प्रत्यक्ष साक्षीदार होय, आणि तिची साक्ष वाचता येते.

काठावर आकडीचा ओरखडाही नसेल तर आकडी झिजली आहे, तिची स्प्रिंग दुबळी झाली आहे किंवा तिच्याखाली मळ साचला आहे. काठाचा लचका तुटला असेल तर आकडी निर्दोष आहे. तिने आपले काम जिवापाड केले, दोष कोठीत किंवा पितळेत आहे. अंगावर बारीक पुरळ उठल्यासारखे ठसे असतील तर कोठी गंजाने खाल्ली आहे. बुडातील टोपी सपाट झाली असेल तर दाब प्रमाणाबाहेर गेला आहे. बुडाच्या किंचित वर गोल चीर पडून पुंगळीचे दोन तुकडे झाले असतील, तर बोल्टचे तोंड व काडतूस यांमध्ये वाजवीपेक्षा अधिक जागा राहिली आहे. अशा वेळी पुढचा अर्धा भाग आत अडकतो आणि तो काढण्यास निराळे हत्यार लागते. गळ्याशी उभी चीर असेल तर मोसमी तड्याचा संशय घ्यावा.

यानंतरची पायरी अदलाबदलीची. त्याच पेटीतील काडतुसे दुसऱ्या रायफलीत घालून पाहावीत, आणि त्याच रायफलीत दुसऱ्या पेटीतील. बिघाड रायफलीबरोबर गेला तर दोष रायफलीत, पेटीबरोबर गेला तर दोष काडतुसांत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशाळेतील नियम येथेही लागू पडतो. एकाच दिवशी आकडी बदलली, कोठी घासली आणि नवी पेटी फोडली, तर रायफल चालू लागेल. पण ती का चालू लागली हे कोणासही कळणार नाही, आणि बिघाड पुन्हा येईल.

एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या दुसऱ्या लढाईत अशी अदलाबदल नकळत घडून आली. कॅनेडियन सैनिकांच्या रॉस रायफलीत ब्रिटिश बनावटीची काडतुसे अडकू लागली. बोल्ट उघडण्यासाठी सैनिकांना त्यावर लाथा माराव्या लागल्या. तीच काडतुसे शेजारच्या पलटणींच्या ली-एन्फील्ड रायफलीत सुरळीत चालत होती. रॉसची कोठी घट्ट मापाची, ली-एन्फील्डची थोडी सैल. नेमबाजीच्या स्पर्धेत जो गुण ठरे, तोच खंदकातील चिखलात अवगुण ठरला. रॉस रायफल पुढे मागे घेण्यात आली.

दोष कोणाचा?

बिघाडाचे खापर कोणावर तरी लवकर फोडावे, अशी मनुष्याची प्रवृत्ती असते. १९६६-६७ मध्ये व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांच्या एम-१६ रायफलींत पुंगळ्या अडकू लागल्या. अडकलेली पुंगळी तोंडाकडून ढकलून काढण्यासाठी सैनिक साफ करण्याचा गज जोडून तयार ठेवीत. प्रथम ठपका आला तो सैनिकांवर : ते रायफल स्वच्छ ठेवीत नाहीत. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने चौकशी केली तेव्हा निराळेच चित्र दिसले. दारूचा प्रकार बदलण्यात आला होता. त्यामुळे रायफलीची गती वाढली होती आणि कीट अधिक साचत होते. कोठीस क्रोमियमचा मुलामा दिलेला नव्हता, त्यामुळे दमट हवेत ती गंजत होती. आणि साफसफाईचे साहित्य सैनिकांपर्यंत पुरेसे पोचलेच नव्हते. मुलामा, सुधारित भाग आणि साहित्य मिळताच तक्रारी ओसरल्या. शिपायाच्या आळसाची म्हणून सांगितलेली गोष्ट बव्हंशी कारखान्याची आणि कचेरीची होती.

उलट प्रकारही घडतो. २५ जून १८७६ रोजी अमेरिकेत लिटल बिगहॉर्न येथे कस्टर याची तुकडी नष्ट झाली, ती तांब्याच्या पुंगळ्या अडकल्यामुळे, असे अनेक वर्षे सांगितले जाई. १९८४-८५ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी ते रणांगण पद्धतशीरपणे शोधले आणि सापडलेल्या पुंगळ्या तपासल्या. सुरीने उचकटल्याच्या खुणा फारच थोड्या पुंगळ्यांवर आढळल्या. बिघाड खरा होता. पण पराभवाचे कारण म्हणून तो पुरेसा नव्हता. शंभर वर्षे मातीत पडलेल्या पितळ-तांब्याने दंतकथेस उत्तर दिले.

थ्री नॉट थ्रीच्या जागी पोलिसांच्या हाती आता इन्सास व एस. एल. आर. यांसारख्या रायफली आहेत. यांत पुंगळी काढण्याचे काम नळीतील वायूच्या जोराने आपोआप होते. जुन्या रायफलीत बोल्ट जड लागला की हातास तत्काळ कळे. नव्या रायफलीत हाताला तशी सूचना मिळत नाही, थेट बिघाडच समोर येतो. एस. एल. आर. मध्ये वायूचे प्रमाण कमी-अधिक करण्याची सोय असते, कारण वायू कमी पडला तर पुंगळी पूर्ण बाहेर येत नाही. यंत्र जितके स्वयंचलित, तितकी त्याची आधीची तपासणी महत्त्वाची.

मूसाबागेतील शिपायांचा प्रश्न काडतुसाविषयीचा होता. त्याला मिळालेले उत्तर शिस्तीचे होते. पुढील काळात काडतूस कागदाचे पितळेचे झाले, परंतु वस्तूविषयीच्या तक्रारीस माणसाविषयीचा निकाल देण्याची सवय व्हिएतनामपर्यंत टिकून राहिली. तिच्यावर उपाय साधा आहे. रायफल असो, शेतावरचा पंप असो किंवा गिरणीतील माग असो, ज्याच्या हातात यंत्र बिघडले त्याचे म्हणणे लिहून घ्यावे, बिघडलेला भाग जपून ठेवावा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि दोष कोणाचा हे अखेरीस ठरवावे. टाकून दिलेल्या पुंगळीवर तो बहुधा लिहिलेला असतो. ती फेकून देण्यापूर्वी एकदा उजेडात धरून पाहिली पाहिजे.